सरासरीच्या डोक्यावरची अक्षरं

चिऊ, काल रात्री साडेअकराला तू टेबलाचा फोटो पाठवलास आणि खाली लिहिलंस, "ताई, सीडीने सात जोड्या येतात, टुकीने तीनच. सर म्हणतात सीडी लाव, सीनियर म्हणते डंकन लाव, छान अक्षरं येतात. मी कोणती लावू?" मी तेव्हाच फोन लावणार होते, पण तुझे भावोजी झोपेतून म्हणाले, अगं पोरीला झोपू दे. म्हणून आता सकाळी लिहायला बसलेय. कुकर लावलाय, तेवढ्यात जेवढं होईल तेवढं.

आधी एक सांगते, रागावू नकोस. "कोणती लावली की जास्त जोड्या येतात" असं तू लिहिलं नाहीस, पण मला ते ओळींच्या मधे दिसलं. दिसलं, कारण माझ्याही मनात एकेकाळी तेच होतं आणि त्याची किंमत मी व्हायव्हाच्या दिवशी मोजलीय. ते पुढे सांगते. आधी तुझं टेबल घेऊ.

आकडे मी सोयीसाठी एका दशांशावर आणलेत. सोयाबीन, सहा ट्रीटमेंट, चार रेप्लिकेशन, आरबीडी (रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन), म्हणजे २४ प्लॉट. टी१ नुसती शिफारशीत खतमात्रा, हेक्टरी १८.० क्विंटल. टी२ म्हणजे त्यावर शेणखत, १९.६. टी३ गांडूळखत, २०.५. टी४ खतमात्रा आणि बियाण्याला जिवाणूंचं कल्चर, २१.०. टी५ शेणखत आणि कल्चर, २२.०. टी६ गांडूळखत आणि कल्चर, २३.१. एरर मीन स्क्वेअर दोनच्या आसपास आहे, दोनच धरू. एररचे डिग्रीज ऑफ फ्रीडम १५. एफ आला ६.४३, पुस्तकातला २.९०. म्हणजे सहाही ट्रीटमेंट सारख्याच, असं आता म्हणता येत नाही. इथवर कुणाचंच भांडण नाही.

भांडण पुढे सुरू होतं. एफ एवढंच सांगतो की डब्यातला लाडू कुणीतरी खाल्लाय. कुणी खाल्ला ते सांगत नाही. ते शोधायला आपण एकेकाला समोर उभं करतो, आणि सहा जणांच्या जोड्या होतात पंधरा.

आता डोळे मिटून एक प्रयोग कर. एकाच पोत्यातलं बियाणं, एकच खत, एकाच दिवशी पेरणी. २४ प्लॉटवर नुसत्याच टी१ ते टी६ अशा पाट्या ठोक, बाकी काहीही वेगळं करू नकोस. जुन्या लोकांनी जवळपास हेच केलंय, युनिफॉर्मिटी ट्रायल म्हणतात त्याला. सगळ्या रानात एकच पीक घ्यायचं, तुकड्यातुकड्याने कापायचं, वजनं करायची आणि जमिनीचा चढउतार कागदावर उतरवायचा. तुझ्या या खोट्या प्रयोगातही रास झाल्यावर सहा सरासऱ्या सारख्या येणार नाहीत. कुठली तरी पाटी वर जाईल, कुठली तरी तळाला बसेल. मग तू वरची आणि तळाची अशी जोडी काढून त्यांना टी-टेस्ट लावलीस, तर ती जोडी तू निवडलीस का? ती आकड्यांनीच तुझ्या हातात आणून दिली. टी-टेबल मात्र अशा जोडीसाठी केलेलं आहे, जी वजनकाटा हातात घ्यायच्या आधीच ठरली होती. गोंधळाचं मूळ हे आहे.

एका जोडीत नसलेला फरक "आहे" म्हणायची शक्यता आपण पाच टक्के ठेवतो. पंधरा जोड्या एकमेकींशी संबंध नसलेल्या असत्या, तर निदान एका ठिकाणी फसायची शक्यता ५४ टक्क्यांवर गेली असती. आपल्या जोड्या तशा सुट्या नसतात, टी६ पाच जोड्यांत डोकावतोच, त्यामुळे खरा आकडा कमी भरतो. तरीही शेकड्यात तीसहून जास्त वेळा त्या नुसत्या पाट्यांच्या रानात तुला "लक्षणीय फरक" सापडेल. आणि तू त्यावर दीड पान चर्चा लिहिशील. लिहिशीलच, मी लिहिली होती.

आता सीडी आणि टुकी यांचं नेमकं काय बिनसलंय ते बघ. तुझ्या प्रयोगात दोन सरासऱ्यांच्या फरकाची प्रमाणित चूक बरोबर १.० येते, दोन गुणिले दोन भागिले चार, त्याचं वर्गमूळ. नशीबवान आहेस, हिशेब तोंडी होतो. सीडी म्हणजे क्रिटिकल डिफरन्स, त्यासाठी या चुकीला टी-टेबलातल्या २.१३ ने गुणायचं, उत्तर २.१३. दोन सरासऱ्यांत एवढं अंतर असलं की फरक मानायचा. टुकी म्हणतात, थांबा. सहा सारख्या सरासऱ्यांत सगळ्यांत वरची आणि सगळ्यांत खालची यांच्यात नुसत्या योगायोगाने किती अंतर पडू शकतं, ते आधी काढा, आणि प्रत्येक जोडीला तेवढी उडी मारायला लावा. सहा सरासऱ्या आणि १५ डिग्रीजना त्यांचा क्यू ४.५९ आहे. त्याला एका सरासरीच्या प्रमाणित चुकीने, म्हणजे ०.७०७ ने गुणलं की ३.२५. सीडीची उडी २.१३ ची, टुकींची ३.२५ ची. म्हणून सातच्या तीन झाल्या. जमीन तीच, पीक तेच.

हे टुकी मोठे गमतीशीर गृहस्थ. शिकायला आले रसायनशास्त्र, झाले गणिती, आणि संगणकातला "बिट" हा शब्द त्यांनी पहिल्यांदा वापरला. बहुतुलनांवरचं त्यांचं टिपण १९५३ चं, टंकलिखित प्रतींतून ते हातोहात फिरत राहिलं, आणि रीतसर छापून आलं ते थेट १९९४ साली, त्यांच्या समग्र लेखनाच्या खंडात. चाळीस वर्षं लोक प्रतींच्या प्रती काढून शिकले. तुला तर सगळं मोबाईलवर मिळतं, आणि तू मला रात्री साडेअकराला विचारतेस!

अक्षरांचंही बोलू, कारण तुझ्या सीनियरला ती फार आवडतात. सीडीने तुझी अक्षरं अशी पडतात: टी६ ला ए, टी५ ला एबी, टी४ ला एबीसी, टी३ ला बीसी, टी२ ला सीडी आणि टी१ ला डी. (हो, टी२ ची अक्षरं "सीडी"च. हसू नकोस.) टुकीने लावलीस तर टी६ ए, टी५ एबी, टी४ आणि टी३ दोघांना एबीसी, टी२ बीसी, टी१ सी. ज्या दोघांत एक तरी अक्षर सामाईक, त्यांच्यातला फरक सिद्ध झालेला नाही. मग थिसिसमध्ये आपण लिहितो, "टी६ ही टी५ आणि टी४ शी ॲट पार आढळली." इथे सांभाळ. सीडीच्या हिशेबात टी४ ही टी६ शी ॲट पार आहे, आणि टी२ शीसुद्धा ॲट पार आहे. पण टी६ आणि टी२ मधे साडेतीन क्विंटलचा लक्षणीय फरक आहे. ॲट पारचा अर्थ "सारखं" असता तर हे जमलं असतं का? माझी मैत्रीण तुझी मैत्रीण असेलच असं नाही, तसं आहे हे. ॲट पार म्हणजे फक्त "या २४ प्लॉटांच्या जोरावर मला वेगळं म्हणवत नाही". टी६ आणि टी४ मधलं अंतर २.१ आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना २.१३ धरलंस तर खरा फरक शून्यही असू शकतो आणि हेक्टरी चार क्विंटलही असू शकतो. चार क्विंटल सोयाबीन "सारखंच" म्हणून शेतकऱ्याला सांगशील? तुझ्या बाबांना सांगून बघ.

आता माझी कहाणी. आमच्या वेळी माझ्या प्रयोगात सात ट्रीटमेंट होत्या, म्हणजे २१ जोड्या. त्यावर झाडाची उंची तीस, पंचेचाळीस, साठ आणि पंच्याहत्तर दिवसांची, फांद्या, शेंगा, शंभर दाण्यांचं वजन, उत्पादन, कुटार. प्रत्येकाला वेगळी सीडी. किती तुलना झाल्या ते मोज आता, मी तेव्हा मोजल्या नव्हत्या. एका ठिकाणी, फक्त साठ दिवसांच्या उंचीत, माझी पाचवी ट्रीटमेंट तिसरीच्या केसभर पुढे निघाली. केसभर म्हणजे सीडी ४.१ आणि फरक ४.२. मी हरखून गेले. सेंद्रिय पदार्थ, जमिनीतली ओल, मुळांची वाढ, सगळं जोडून एक सुरेख परिच्छेद लिहिला. दोन जुने संदर्भही सापडले. सापडतातच, काय हवं ते शोधलं की. व्हायव्हाला आलेले एक्स्टर्नल फार शांत होते. त्यांनी तो परिच्छेद मोठ्याने वाचला आणि विचारलं, "बाळ, साठव्या दिवसाच्या उंचीचा हा प्रश्न तू पेरणीच्या आधी विचारला होतास, की टेबल बघितल्यावर?" मी काही बोलले नाही. माझे गाईड खिडकीबाहेर बघत चहा पीत राहिले. एक्स्टर्नलनी मला नापास केलं नाही, उलट नंतर जेवताना पोळी वाढा म्हणाले. पण त्या दिवसापासून मला ते वाक्य विसरता आलेलं नाही. पुढच्या हंगामात ज्युनिअरने तोच प्रयोग घेतला, तेव्हा पाचवी तिसरीच्या मागे होती.

याचा अर्थ सीडी वाईट, असं घेऊ नकोस. सीडीचं मूळ आर. ए. फिशर यांचं. १९१९ मध्ये ते इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रावर रुजू झाले, तिथे साठलेल्या वर्षानुवर्षांच्या पिकांच्या नोंदी त्यांनी उलगडल्या, आणि १९२५ च्या व १९३५ च्या त्यांच्या दोन पुस्तकांतून आज आपण करतो त्यातलं बरंचसं आलं. आधी एफ बघा, तो लक्षणीय असेल तरच पुढे जोड्यांना हात लावा, ही त्यांची पायरी. आणि निकाल बघून सुचलेल्या तुलनेला कडक माप लावा, हेही त्यांनीच बजावलंय. आपण त्यांची पायरी ठेवली आणि ताकीद विसरलो. आपल्याकडे एफ लक्षणीय नसला की सीडीच्या जागी एनएस, म्हणजे नॉन-सिग्निफिकंट, लिहितात, ती चाल त्या पायरीचीच. ती तुझ्या विभागात पाळतात ना? मग निम्मं काम झालं. फक्त ही पायरी पूर्ण राखण करते ती तीन ट्रीटमेंटपर्यंत. चार, पाच, सहा झाल्या की कुंपणाला भोकं पडतात. एखादी ट्रीटमेंट खरोखरच वेगळी असली की एफ तिच्या जोरावर लक्षणीय होतो, आणि मग तिच्या आडून बाकीच्या सारख्यासारख्या जोड्याही आत शिरतात.

आणि आपल्याकडे सीडी इतकी रुजली त्याचं एक घरगुती कारणही आहे. पानसे आणि सुखात्मे यांचं "स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर ॲग्रिकल्चरल वर्कर्स", आयसीएआरने १९५४ मध्ये काढलेलं. तुझ्या लायब्ररीत त्याची पुठ्ठा सुटलेली प्रत असेलच. त्यातले पांडुरंग वासुदेव सुखात्मे आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, पुढे थेट एफएओच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख झाले. देशभरच्या कृषी पदवीधरांनी त्या पुस्तकावर हिशेब गिरवले, हाताने, मशीन फिरवून. पंधरा जोड्यांना एकच आकडा, टेबलाच्या तळाशी एक ओळ, झालं काम. त्या काळात ती केवढी सोय होती ते आज कळणार नाही.

डंकनची गोष्ट वेगळी. डेव्हिड डंकन यांचा तो लेख १९५५ चा. त्यांची पद्धत सरासऱ्या उतरत्या क्रमाने लावते, आणि दोघींच्या मधे जितक्या जास्त सरासऱ्या, तितकं माप थोडंथोडं वाढवते. तुझ्या टेबलात शेजारच्या जोडीला २.१३ आणि टोकाच्या जोडीला २.३८. बघ, सीडीच्या किती जवळ आहे ते! म्हणजे तुझ्या टेबलात डंकन लावलीस तरी बहुतेक सात जोड्याच येतील, फक्त अक्षरांची इस्त्री केलेली. डंकननी काही लपवलेलं नाही. सहा सरासऱ्यांना त्यांचं संरक्षण ०.९५ च्या पाचव्या घाताएवढं, म्हणजे साधारण ७७ टक्के, हे त्यांनी उघड मांडलंय. उरलेले २३ टक्के फसायची मुभा. कृषी संशोधनात ती पसरली ती मुद्दाम सोडलेल्या या ढिलाईमुळे, आणि अक्षरांमुळे. म्हणून कुणी "डंकन कडक असते" म्हणालं तर मान हलव, पण लिहू नकोस.

डनेट तुझ्या कामाची असू शकते. तुला सगळ्या पंधरा जोड्या हव्यातच कुठे? "शिफारशीत मात्रेपेक्षा कोण सरस" एवढंच विचारायचं असेल तर तुलना फक्त पाच होतात, टी१ शी. चार्ल्स डनेट यांनी १९५५ मध्ये नेमकं यासाठी वेगळं टेबल केलं. तुझ्यासाठी माप २.८२. टी४ ही टी१ च्या ३.० पुढे आहे. टुकीला ती पास होत नव्हती, डनेटला होते. कमी विचारलं की जे विचारलं ते जास्त स्पष्ट ऐकू येतं.

बोनफेरोनीचं नाव ऐकलं असशील. पाच टक्क्यांना तुलनांच्या संख्येने भागायचं, बस. असमानता इटलीच्या कार्लो बोनफेरोनी यांची, १९३६ ची, पण सरासऱ्यांच्या तुलनेसाठी ती बसवून, टेबलं करून दिली ती ऑलिव्ह जीन डन या बाईंनी, १९६१ मध्ये. नाव मात्र बोनफेरोनीचंच राहिलं. असो, काम एकाचं आणि नाव दुसऱ्याचं, हे तुला मी आणखी कितीतरी ठिकाणी दाखवीन. पंधरा जोड्यांना तिचं माप ३.४८, म्हणजे टुकीपेक्षाही जड, म्हणून सगळ्या जोड्यांसाठी ती वापरायचं कारण नाही. मोजक्या दोन-तीन तुलनांना उत्तम. शेफे त्याहून जड, ३.८१, ती निकाल बघून सुचेल ती कुठलीही तुलना करायची मोकळीक देते, आणि मोकळीक फुकट मिळत नसते. तुझी ती मायक्रोबायॉलॉजीवाली मैत्रीण हजारो जनुकांची तुलना करते ना, तिचं वेगळं. तिने बेंजामिनी आणि हॉचबर्ग यांची १९९५ ची रीत बघावी.

कुकर उतरवून आले. आता मुद्द्याचं, आणि यासाठीच खरं तर लिहायला बसले होते.

तुझा सिनॉप्सिस मी रात्री पुन्हा काढून वाचला. दुसरं उद्दिष्ट काय आहे? "जिवाणू संवर्धकाचा उत्पादनावरील परिणाम अभ्यासणे." तिसरं, "सेंद्रिय खतांचा परिणाम अभ्यासणे." आणि आता ट्रीटमेंटची यादी पुन्हा बघ. सेंद्रिय खत नाही, शेणखत, गांडूळखत. हे तीन कल्चरशिवाय. मग तेच तीन कल्चरसह. चिऊ, या सहा सुट्या ट्रीटमेंट नाहीतच! तीन गुणिले दोन आहे हे. तुझ्या सरांनी यादी टी१ ते टी६ अशी सलग लिहिली आणि तूही तिला सहा अनोळखी माणसांची रांग समजलीस. मग सॉफ्टवेअर तरी काय करणार? वास्प असो, ओपीस्टॅट असो नाहीतर आर, तू एक कॉलम दिलास की ते पंधरा जोड्या काढून अक्षरं छापतं. तुझी उद्दिष्टं वाचत नाही.

आता प्रश्न विचार तसा विचारू. २४ पैकी बारा प्लॉटांत कल्चर होतं, बारांत नव्हतं. असलेल्यांची सरासरी २२.०३, नसलेल्यांची १९.३७. फरक २.६७ क्विंटल. बारा विरुद्ध बारा असल्याने या फरकाची प्रमाणित चूक एक नाही राहात, ०.५८ वर येते. भागाकार ४.६. टी-टेबल २.१३ मागत होतं. हे कळायला ना टुकी लागली ना डंकन, कारण तुलना एकच, आणि ती पेरणीआधी कागदावर होती.

आणि गंमत बघ. कल्चरचा फायदा शोधायच्या सरळ जोड्या तीन: टी४ वजा टी१ तीन क्विंटल, टी५ वजा टी२ २.४, टी६ वजा टी३ २.६. टुकींचं माप ३.२५. म्हणजे सहांना सुटं धरून टुकी लावलीस, तर तुझ्या थिसिसमध्ये कल्चरचा फायदा एकाही सरळ जोडीत दिसला नसता! मग तू म्हणाली असतीस, टुकी फार कडक. तिला पंधरा ठिकाणी पहारा द्यायला तूच उभं केलंस, मग एका दाराकडे तिचं किती लक्ष जाणार? ट्रीटमेंटचा सम ऑफ स्क्वेअर्स ६४.३ आहे. त्यातले ४२.७ एकट्या कल्चरचे, एका डिग्रीत. २१.३ सेंद्रिय खतांचे, दोन डिग्रींत. उरले ०.४ च्या आसपास, इंटरॲक्शनचे. म्हणजे शेणखताबरोबर घाला, गांडूळखताबरोबर घाला, नाहीतर नुसतं घाला, कल्चरचा फायदा जवळपास तेवढाच. हे वाक्य शेतकऱ्याच्या कामाचं आहे, आणि ते तुझ्या अक्षरांत कुठेच नव्हतं.

सेंद्रिय खतांत मात्र तीन पातळ्या आहेत आणि कोण कोणापेक्षा सरस हे आधी ठरवलेलं नव्हतं, तिथे खुशाल टुकी लाव. सरासऱ्या १९.५, २०.८, २१.८, प्रत्येक आठ प्लॉटांची, माप १.८४. गांडूळखत काही न घालण्यापेक्षा सरस, २.३ ने. शेणखताचं अजून नक्की सांगता येत नाही. तसंच लिही. "शेणखताचा परिणाम नाही" असं लिहिलंस तर मी येऊन खोडीन.

तुझ्या रूममेटलाही सांग, तिच्या नत्राच्या ०, ४०, ८०, १२० किलोच्या पातळ्यांवर ती अक्षरं चिकटवत बसलीय ना, ते काढून टाक म्हणावं. पातळ्या चढत्या असल्या की वक्र बसवायचा आणि कुठे उतरायला लागतो ते बघायचं. ८० आणि १२० ॲट पार म्हटल्याने १०० किलोचं काय ते कुणालाच कळत नाही.

आता सरांचं. त्यांच्याशी वाद घालू नकोस, ते चांगले आहेत आणि सही त्यांची लागते. "सर, हे चुकलंय" म्हणून जाऊ नकोस. फॅक्टोरियलचा ॲनोव्हा हाताने काढून वही घेऊन जा आणि विचार, "सर, आपली मांडणी तीन गुणिले दोन होते का?" ते आधी टेबल बघतील, मग चष्मा काढतील, आणि मग म्हणतील की मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो. म्हणू दे. विभागाच्या नमुन्यात तळाशी सीडीची ओळ लागतेच, तर ती कल्चरची, खताची आणि इंटरॲक्शनची अशी वेगवेगळी टाक. आपल्याकडचे परीक्षक ती ओळ शोधतातच. मटेरियल अँड मेथड्समध्ये एक साधं वाक्य घाल, कुठली तुलना आधी ठरली होती आणि कुठली नंतर. उद्दिष्टं बदलू नकोस, त्यांची तारीख सिनॉप्सिसवर आहे आणि तीच तुझी ढाल आहे. आणि हो, काल रात्री तू सगळ्याच टेस्ट चालवून बघितल्यास ना? फोटोत खाली टॅब दिसत होते. चालवल्यास तर चालवल्यास, आता त्यातली सगळ्यात देखणी उचलू नकोस.

एक राहिलंच. तुझ्या प्लॉटवार शीटमध्ये तिसऱ्या रेप्लिकेशनचा टी२ बाकीच्या टी२ पेक्षा जवळजवळ तीन क्विंटलने खाली आहे. तो प्लॉट बांधाच्या कडेचा होता का? डुकरं आली होती म्हणाली होतीस, ती तिकडेच का? की नेट प्लॉटवरून हेक्टरी काढताना आकडा चुकला? आवडता नाही म्हणून तो काढायचा नाही, आणि आवडतोय म्हणून ठेवायचाही नाही. फील्ड बुक घे, ज्याने त्या दिवशी वजनं केली त्या मजुराला विचार. ते नक्की होईपर्यंत मी वर केलेले सगळे हिशेब पेन्सिलीतले समज. संध्याकाळी सातनंतर फोन कर, साडेअकराला नको.